अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा दाखला: काउंटी क्लर्कच्या खिडकीवर जाण्याआधी

दाखला हातात आहे, त्यावर शिक्का आहे, सही आहे, तरी अर्ज परत आला. अमेरिकेत मुलं झालेल्या मराठी कुटुंबांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. कुणाचा पासपोर्टचा अर्ज अडतो, कुणाचा ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाचा. कुणी भारतात परत गेल्यावर शाळेच्या किंवा वारशाच्या कामात अडकतं. बहुतेकदा अर्ज नीट भरलेला असतो. अडचण असते ती दाखल्यात: प्रकार चुकीचा, कार्यालय चुकीचं, किंवा सही अशा अधिकाऱ्याची जी पुढच्या कार्यालयाला चालत नाही.

म्हणून अर्ज भरायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: हा कागद कुणापुढे ठेवायचा आहे? कोणती प्रत मागायची, कुठून आणि कुणाच्या सहीची, हे सगळं त्यावर ठरतं.

हॉस्पिटलने दिलेला कागद हा दाखला नव्हे

बाळाच्या पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद हॉस्पिटल हातात ठेवतं. तो जपून ठेवा, पण सरकारी कामाला तो चालत नाही. हॉस्पिटलचं काम जन्माची माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवण्याचं. कॅलिफोर्नियात ही नोंद जन्मानंतर ठरावीक दिवसांत व्हावी असा कायदा आहे.

गैरसमज वाढतो तो सोशल सिक्युरिटी कार्डामुळे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर खूण केली की ते कार्ड काही आठवड्यांत आपोआप घरी येतं, आणि आईवडील दाखल्याचीही तशीच वाट पाहत बसतात. बहुतेक राज्यांत दाखला आपोआप येत नाही. वेगळा अर्ज करावा लागतो आणि फी भरावी लागते.

नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, तुम्ही राहता तिथे नव्हे

तुम्ही फ्रिमाँटला राहता, म्हणजे अलामेडा काउंटीत. पण बाळंतपण पालो आल्टोच्या स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलात झालं असेल, तर नोंद सांता क्लारा काउंटीत आहे. नेपरव्हिलचं कुटुंब असलं आणि बाळ शिकागोत जन्मलं असलं, तर नोंद कुक काउंटीच्या क्लर्ककडे. न्यू जर्सीत घर आणि जन्म मॅनहॅटनमध्ये असेल, तर न्यू जर्सीतलं कोणतंही कार्यालय तुम्हाला तो दाखला देऊ शकणार नाही.

शिवाय प्रत्येक राज्यात हे काम काउंटी क्लर्ककडेच असतं असं नाही. आपल्याकडे महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत असे ठरलेले ठिकाण-ठिकाणचे निबंधक असतात. अमेरिकेत मात्र राज्य बदललं की व्यवस्थाच बदलते:

- इलिनॉय, मिशिगन: काउंटी क्लर्क.
- टेक्सस: काउंटी क्लर्क, काही शहरांचे स्थानिक निबंधक आणि ऑस्टिनचं राज्य कार्यालय.
- कॅलिफोर्निया: काउंटी रेकॉर्डर किंवा क्लर्क-रेकॉर्डर. लॉस एंजेलिस काउंटीत हे कार्यालय नॉरवॉकला आहे. नवजात बाळांसाठी मात्र आरोग्य खातं. त्याबद्दल पुढे सविस्तर.
- न्यू जर्सी: ज्या गावात जन्म झाला तिथला स्थानिक निबंधक, किंवा ट्रेंटनचं राज्य कार्यालय. काउंटी क्लर्ककडे जन्माचे दाखले नाहीत.
- न्यू यॉर्क शहर: शहराचं आरोग्य खातं. शहराबाहेरच्या जन्मांसाठी स्थानिक निबंधक किंवा राज्याचं आरोग्य खातं.
- नॉर्थ कॅरोलायना: काउंटीचं रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे जिथे जमिनीची खरेदीखतं नोंदवतात तेच कार्यालय.
- व्हर्जिनिया: राज्याच्या नोंदणी कार्यालयाखेरीज, गाडीचा परवाना देणाऱ्या डीएमव्हीच्या खिडकीवरही.

तुमचं राज्य यादीत नसेल तर अमेरिकेच्या सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यवार पत्ते आणि माहिती मिळते. शोधयंत्रात दाखला असं टाकून जी पहिली जाहिरात दिसेल तिथे कार्डाचा नंबर देऊ नका. सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं तुमचा अर्ज नुसता पुढे पाठवण्यासाठी भरमसाट पैसे घेतात. व्हायटलचेक ही कंपनी अनेक सरकारी कार्यालयांनी अधिकृतपणे नेमलेली आहे, पण तिचाही वेगळा आकार असतो. नेहमी काउंटीच्या किंवा राज्याच्या स्वतःच्या पानावरून पुढे जा.

कोणती प्रत मागायची

दोन भेद ध्यानात ठेवा.

पहिला भेद पूर्ण आणि संक्षिप्त प्रतीचा. संक्षिप्त प्रतीत मोजकीच माहिती असते, काही ठिकाणी तर आईवडिलांची नावंही नसतात. शाळेत नाव घालायला किंवा फुटबॉलच्या संघात वय दाखवायला ती पुरते. पासपोर्ट आणि भारतातली कामं यांसाठी पूर्ण प्रत घ्या. टेक्ससमध्ये कुठल्याही काउंटीतून लगेच मिळते ती बहुधा संक्षिप्त प्रत असते. पूर्ण प्रतीसाठी जन्म झाला तिथलं स्थानिक कार्यालय किंवा ऑस्टिन गाठावं लागतं.

दुसरा भेद कॅलिफोर्नियाचा, आणि तिथे फसणारे खूप आहेत. तिथे प्रमाणित प्रतीच दोन प्रकारच्या असतात: अधिकृत आणि माहितीपर. माहितीपर प्रत कुणालाही मिळते. तिच्यावरही शिक्का असतो, पण ओळख सिद्ध करण्यासाठी ती वैध नाही असं त्यावर ठळक छापलेलं असतं. फी दोन्हींना सारखीच, म्हणजे सुमारे ३० डॉलर. तेव्हा फॉर्मवर योग्य चौकोनात खूण करा, नाहीतर तेवढेच पैसे देऊन निरुपयोगी कागद हाती येईल.

अमेरिकन पासपोर्टसाठी परराष्ट्र खातं दाखल्यात हे पाहतं:

- मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ
- आईवडिलांची पूर्ण नावं
- निबंधकाची सही आणि कार्यालयाचा शिक्का
- नोंद जन्मानंतर एका वर्षाच्या आत झाल्याची तारीख
- दाखला शहर, काउंटी किंवा राज्याने दिलेला असणं

मोबाइलवरचा इलेक्ट्रॉनिक दाखला तिथे स्वीकारत नाहीत. मूळ प्रमाणित प्रत आणि तिची झेरॉक्स दोन्ही द्यावी लागतात. मूळ प्रत नंतर परत येते, बहुधा पासपोर्टपासून वेगळ्या पाकिटात. ते पाकीट आलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. मुलाचं वय १६ च्या आत असेल तर दोन्ही पालकांनी हजर राहायचं असतं. एकाला जमत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, म्हणजे डीएस-३०५३ हा फॉर्म, लागतं.

दाखला मागण्याचा हक्क कुणाचा

जन्माची नोंद बहुतेक राज्यांत गोपनीय असते. टेक्ससमध्ये ७५ वर्षं. कॅलिफोर्नियात अधिकृत प्रत मागू शकतात ते: स्वतः ती व्यक्ती, आईवडील, कायदेशीर पालक, आजी-आजोबा, सख्खी भावंडं, पती किंवा पत्नी, मुलं आणि नातवंडं. याखेरीज न्यायालयाचा आदेश असलेली व्यक्ती, वकील अशा काही नेमक्या वर्गांना हा हक्क आहे.

काका, मामा, आत्या, मावशी या यादीत नाहीत. आपल्याकडे मामाने कार्यालयात जाऊन भाच्याचं काम करून आणणं अगदी स्वाभाविक आहे, पण इथे मामाला माहितीपर प्रतीवर समाधान मानावं लागेल. आजी-आजोबा मात्र मागू शकतात. मुलाच्या आईवडिलांना कामावरून सुटी मिळत नसेल आणि आजी-आजोबा अमेरिकेत आलेले असतील, तर ते पासपोर्ट घेऊन खिडकीवर जाऊ शकतात.

आईवडिलांचा व्हिसा कोणता आहे, यावर हा हक्क ठरत नाही. तुम्ही एच-१बीवर असा, विद्यार्थी असा किंवा व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं असो, आपल्या मुलाच्या दाखल्याची प्रत मागताना बिचकू नका. खिडकीवर तुमची ओळख आणि मुलाशी असलेलं नातं एवढंच सिद्ध करायचं असतं. कोणकोणती ओळखपत्रं चालतात याची यादी आधी पाहा. गाडीच्या परवान्याची मुदत संपलेली असेल तर भारतीय पासपोर्ट बरोबर घ्या.

अर्ज कसा करायचा

*खिडकीवर जाऊन.* घराजवळ असेल तर हाच मार्ग सगळ्यात बरा. फॉर्म भरा, शपथपत्रावर कर्मचाऱ्यासमोर सही करा, फी भरा. बऱ्याच काउंट्यांत प्रत त्याच दिवशी मिळते. शपथपत्रावर घरून सही करून नेऊ नका, ती समोरच करायची असते. काही कार्यालयांत आधी वेळ घ्यावी लागते.

*टपालाने.* कॅलिफोर्नियात अधिकृत प्रतीसाठी टपालाने अर्ज केला तर शपथपत्र नोटरीसमोर सही केलेलं लागतं. नोटरी विसरणं हे अर्ज परत येण्याचं फार सामान्य कारण आहे. दोन मुलांचे दाखले एकाच वेळी मागवत असाल, तर एकाच शपथपत्रात दोघांची नावं चालतात का हे काउंटीच्या सूचनांत पाहा, नोटरीचा खर्च वाचेल.

*ऑनलाइन.* सोयीचं, पण महाग. आणि इथेही अनेक काउंट्या नोटरी केलेलं शपथपत्र अपलोड करायला सांगतात.

फी राज्यागणिक वेगळी. कुक काउंटीत पहिल्या प्रतीला १५ डॉलर आणि त्याच वेळी मागितलेल्या पुढच्या प्रत्येक प्रतीला ४. न्यू जर्सीच्या राज्य कार्यालयात पहिलीला २५ आणि पुढचीला फक्त २. न्यू यॉर्क शहरात प्रत्येक प्रतीला १५. हे आकडे बदलतात, त्यामुळे चेक लिहिण्याआधी त्या दिवशीचा दर पाहा. नोंद सापडली नाही तरी फी सहसा परत मिळत नाही. कॅलिफोर्नियात त्या पैशांत नोंद नसल्याचं प्रमाणपत्र हाती येतं. म्हणून आईचं जन्माच्या वेळचं आडनाव, काउंटी आणि तारीख अचूक लिहा.

किती प्रती घ्याव्यात? माझा सल्ला: निदान तीन. एक पासपोर्टला पाठवायला, एक अपोस्टिलसाठी (त्याबद्दल पुढे), एक घरात कायमची. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी तर जास्तीची प्रत न घेणं हा निव्वळ तोटा आहे.

भारतातल्या कामासाठी: अपोस्टिल आणि सहीचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे इथे वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

भारत हेग अपोस्टिल करारात २००५ पासून सहभागी आहे, अमेरिका त्याआधीपासून. त्यामुळे अमेरिकेतला सरकारी कागद भारतात वापरायचा असेल तर त्यावर अपोस्टिल घेतात. म्हणजे दाखल्यावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं दुसरं एक प्रमाणपत्र त्याला जोडलं जातं. हे देतं राज्य सरकार, आणि तेही ज्या राज्यातून दाखला निघाला त्याच राज्याचं. तुम्ही आता डॅलसला राहत असाल आणि मूल सॅन होजेला जन्मलं असेल, तर अपोस्टिल कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडूनच घ्यावं लागेल. वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडे काउंटीचा दाखला पाठवू नका. ते केंद्र सरकारच्या कागदांचं काम करतात.

सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे ठरावीक अधिकाऱ्यांच्या सह्यांची नोंद असते. दाखल्यावर दुसऱ्याच कुणाची सही असेल तर अपोस्टिल मिळत नाही. कॅलिफोर्नियात हा पेच असा येतो: बऱ्याच काउंट्यांत साधारण पहिली एक-दोन वर्षं बाळाची नोंद काउंटीच्या आरोग्य खात्याकडे असते. बर्कली, लाँग बीच आणि पॅसडीना या शहरांची तर स्वतःची आरोग्य खाती आहेत. तिथून निघालेल्या दाखल्यावर आरोग्य अधिकाऱ्याची सही असते. असा दाखला सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, पाठवला तर परत येतो. मग तुमच्यापुढे पर्याय असे:

1. तोच दाखला घेऊन त्या काउंटीच्या क्लर्ककडे जा. आरोग्य अधिकाऱ्याची सही खरी असल्याचं प्रमाणपत्र क्लर्क जोडून देतो. मग सॅक्रामेंटोला पाठवा.
2. नोंद रेकॉर्डरकडे आली असेल तर तिथून नवी प्रत काढा. सही आपोआप योग्य अधिकाऱ्याची येते.
3. राज्याच्या आरोग्य खात्याकडून प्रत मागवा. यात थांबावं लागू शकतं.

घाई असेल तर पहिला पर्याय. घाई नसेल तर दुसरा, कारण कागद एकच राहतो आणि जोडलेली पानं सुटण्याची भीती नाही. अपोस्टिलची फी कॅलिफोर्नियात दर कागदाला २० डॉलर आहे, स्वतः जाऊन घेतलं तर वर थोडा आकार पडतो.

न्यू यॉर्क शहरात एक पायरी आणखी आहे. आरोग्य खात्याकडे पूर्ण प्रत मागताना सोबत 'लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन' हे पत्र हवं असं अर्जात स्पष्ट लिहा. ते पत्र आणि प्रत घेऊन मॅनहॅटनमधल्या ६० सेंटर स्ट्रीटच्या न्यू यॉर्क काउंटी क्लर्ककडे जायचं, ३ डॉलर भरून प्रमाणपत्र जोडून घ्यायचं, आणि मग राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडून १० डॉलरला अपोस्टिल. पत्र मागायचं राहिलं तर सगळं पहिल्यापासून. न्यू जर्सीत गावच्या निबंधकाची प्रत शाळेला, पासपोर्टला चालते, पण अपोस्टिल घ्यायचं असेल तर प्रत राज्य कार्यालयातूनच मागवा.

आणखी एक सवय इथे आड येते. भारतात आपण झेरॉक्स काढून राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही घेतो आणि ती खरी प्रत म्हणून चालते. कॅलिफोर्नियातल्या नोटरीला जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स प्रमाणित करण्याचा अधिकारच नाही. कुणी करून दिली तरी तिचा उपयोग नाही.

ओसीआयसाठी प्रत्येक वेळी कोणत्या स्वरूपात प्रत लागते, हे अर्ज भरण्याच्या आठवड्यातली ताजी यादी पाहून ठरवा. ओळखीच्यांनी गेल्या वर्षी काय दिलं होतं त्यावर विसंबू नका. दोन्ही पालकांची नावं असलेली पूर्ण प्रत मात्र हवीच.

नावांची गुंतागुंत

मराठी घरांत बारसं बाराव्या दिवशी. हॉस्पिटलचा कर्मचारी मात्र आई घरी जाण्याआधीच फॉर्म घेऊन खोलीत येतो. पत्रिका पाहून अक्षर यायचं असतं, आजीचा फोन यायचा असतो, आणि मग नावाची जागा कोरी सोडली जाते. कृपा करून असं करू नका. कोऱ्या नावाच्या दाखल्यावर पुढची सगळी कामं अडतात. बाळंतपणाच्या आधीच दोन्ही घरांशी बोलून कागदावरचं नाव ठरवून ठेवा. बारसं पुढे सावकाश, हौसेने करा.

नाव राहिलंच, किंवा स्पेलिंग चुकलं, तर काउंटी क्लर्क ते दुरुस्त करू शकत नाही. तो फक्त प्रती देतो. कॅलिफोर्नियात व्हीएस-२४ हा फॉर्म, माहिती असलेल्या दोन व्यक्तींच्या सह्यांसह, राज्याच्या आरोग्य खात्याकडे जातो. दुरुस्तीनंतर जुनं पान पुसलं जात नाही, दुरुस्तीचं पान त्याला जोडलं जातं आणि पुढे दाखला दोन पानी होतो. दोन्ही पानं मिळून एकच कागद आहे, कुठेही देताना दोन्ही द्या. नोंदलेलं नाव आवडत नाही म्हणून बदलायचं असेल तर तो वेगळा विषय, त्याला न्यायालयाचा आदेश लागतो.

फॉर्म भरताना आणखी या गोष्टी पाहा:

- आईचं नाव. अमेरिकेतल्या दाखल्यात आईचं जन्माच्या वेळचं, म्हणजे माहेरचं आडनाव विचारतात. तिच्या भारतीय पासपोर्टवर सासरचं आडनाव असेल, तर दोन कागदांवर दोन नावं दिसतात. ही चूक नव्हे. दोन्ही नावं दाखवणारा विवाहाचा दाखला सोबत तयार ठेवा. लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर तो लागणारच.
- मधलं नाव. वडिलांचं नाव मुलाचं मधलं नाव म्हणून घालायचं की नाही, हे एकदाच ठरवा आणि दाखला, सोशल सिक्युरिटी, पासपोर्ट, ओसीआय सगळीकडे तेच ठेवा.
- आडनाव. वडिलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि सगळं नाव एकाच रकान्यात असेल, तर हॉस्पिटलची संगणक प्रणाली भलताच शब्द आडनाव म्हणून उचलू शकते. छापलेला मसुदा अक्षर अक्षर वाचल्याशिवाय सही करू नका.

भारतात राहून दाखला मागवायचा असेल

परत गेलेल्या कुटुंबांना नोटरीची अट सगळ्यात जड जाते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात आधी वेळ घेऊन नोटरीची सेवा मिळते, दर शिक्क्याला ५० डॉलर. शपथपत्र सही न करता न्या. फॉर्म आधी छापून, बाकीचा मजकूर भरून ठेवा. दूतावास जन्माचा दाखला देत नाही, फक्त तुमच्या सहीची साक्ष देतो. पुढे तो कागद तुम्हीच काउंटीला पाठवायचा. फी कोणत्या स्वरूपात घेतात ते आधी विचारा, कारण भारतीय बँकेचा चेक काउंटीला चालणार नाही. परतीची तारीख ठरली असेल आणि अजून अमेरिकेतच असाल, तर सामान बांधण्याआधी जास्तीच्या प्रती आणि एका प्रतीवर अपोस्टिल घेऊन ठेवा.

प्रत हातात आली की

खिडकी सोडण्याआधी किंवा पाकीट फोडल्याबरोबर नावं, तारीख, जन्मस्थळ वाचून घ्या. खाली सही कुणाची आहे ते पाहा: रेकॉर्डर, क्लर्क, राज्य निबंधक की आरोग्य अधिकारी. शिक्का उठावाचा असेल तर बोटाने चाचपून बघा. दाखला लॅमिनेट करू नका. सुरक्षेसाठी वापरलेला कागद आणि उठावाचा शिक्का प्लॅस्टिकखाली तपासता येत नाही आणि प्रत नाकारली जाऊ शकते. अपोस्टिल जोडलेलं असेल तर स्कॅन करण्यासाठी स्टेपल काढू नका. पानं सुटी झाली की ते अपोस्टिल अवैध धरलं जाऊ शकतं, आणि मग प्रतीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.